वाटाच्या डबीत तुझा वाटा नाही, दादा

रविवारी सकाळी सकाळी आतेभावाचा फोन. "तू ते जुने गेम जमवतोस ना, मग वाटा माहीत असेल तुला." मला वाटलं गावच्या जमिनीचं प्रकरण पुन्हा निघालं. पण नाही. दादाला म्हणायचं होतं 'वाटा गेम्स', म्हणजे जुन्या व्हिडिओ गेमांना दर्जा देणारी अमेरिकन कंपनी. आमच्या दादाने बँकेत एकतीस वर्षं काढली, लोकांच्या मुदतठेवींवर सह्या केल्या. मारिओ म्हणजे काय हे त्याला गेल्या आठवड्यापर्यंत माहीत नव्हतं. आता व्हीआरएसच्या पैशातले तीन लाख तो मारिओत घालायला निघाला आहे.

कारण एक फॉरवर्ड. तुमच्यापर्यंतही पोचला असेल. मजकूर साधारण असा: १९९६ चा एक गेम ११ कोटींना विकला गेला. असे सीलबंद गेम जगात मोजकेच उरलेत. अमेरिकन कंपनीचं ग्रेडिंग असल्यामुळे जोखीम शून्य, सोन्यापेक्षा सुरक्षित. १ लाख ४० हजार डॉलरचा मारिओ १६ महिन्यांत २० लाख डॉलरला गेला. आता आपल्यालाही संधी, हिस्सा फक्त २५ हजारांपासून. आणि शेवटी ताजा कलम: माळ्यावरच्या टीव्ही गेमच्या कॅसेट टाकू नका, त्याही लाखोंच्या आहेत.

दादाला फोनवर सांगून झालं. "तुला शेअरमधलं तरी काय कळतं," असं ऐकूनही झालं. म्हणून आता लिहून काढतो.

११ कोटींची गोष्ट खरी आहे, उगाच नाही कशाला म्हणू? ११ जुलै २०२१ रोजी डॅलसच्या हेरिटेज ऑक्शन्सच्या लिलावात 'सुपर मारिओ ६४' ची एक सीलबंद प्रत १५ लाख ६० हजार डॉलरला गेली. तेव्हाच्या दराने साडेअकरा कोटी रुपये. दोनच दिवस आधी त्याच लिलावात 'द लेजंड ऑफ झेल्डा' हा गेम ८ लाख ७० हजार डॉलरला गेला होता आणि तो जागतिक विक्रम ठरला होता. त्याआधीचा मोठा आकडा एप्रिलमधला, 'सुपर मारिओ ब्रदर्स'चा, ६ लाख ६० हजार. तोही हेरिटेजचाच. ज्या बाजारात जागतिक विक्रम शुक्रवारी होतो आणि रविवारी मोडतो, तिथे मी तरी खिशावर हात ठेवून उभा राहीन. दादाला मात्र ती तेजी वाटते.

शिवाय हे आकडे फोडून बघा. हेरिटेज जाहीर करते त्या रकमेत खरेदीदाराकडून घेतलेलं कमिशन धरलेलं असतं, तेव्हा ते २० टक्के होतं. मारिओ ६४ वर बोली लागली १३ लाख डॉलरची, वरचे २ लाख ६० हजार लिलावघराचे. आता हाच हिशोब दादाच्या बाजूने करू. समजा १०० ची बोली लावून त्याने एक गेम घेतला. खिशातून गेले १२०. पुढच्या वर्षी विकताना बोली १२० वर गेली तरच त्याचं मुद्दल सुटणार, म्हणजे पुढच्या माणसाने १४४ मोजायला हवेत. विकणाऱ्याचं कमिशन, विमा, पार्सल, कस्टम्स हे सगळं सोडून. भाव २० टक्के चढला तर दादा कुठे शून्यावर येतो. हे बँकेतल्या माणसाला मी समजावून सांगायचं!

"जगात मोजकेच." मारिओ ६४ च्या एक कोटीहून जास्त प्रती विकल्या गेल्या आहेत. निन्टेंडो ६४ या यंत्रावर सगळ्यात जास्त खपलेला गेम तो. दुर्मीळ गेम नाही, दुर्मीळ आहे ते त्या एका खोक्याचं न फाटलेलं प्लास्टिक. तसं प्लास्टिक किती जणांच्या तळघरात पडून आहे? त्या विक्रमांच्या वेळी वाटाने कुठल्या दर्जाच्या किती प्रती तपासल्या याची मोजदाद लोकांपुढे ठेवलेलीच नव्हती. आणि भाव फुटला की माल बाहेर येतो, हे कांदा पिकवणाऱ्या राज्यात मी वेगळं सांगायला नको. एक मात्र कबूल करतो. 'सुपर मारिओ ब्रदर्स'च्या १९८५ च्या अगदी पहिल्या प्रती प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या नव्हत्या, नुसत्या गोल स्टिकरने बंद केलेल्या होत्या. तशी न उघडलेली प्रत खरोखर मुश्किलीने सापडते. तिला मोल आहे आणि राहीलही. पण दादाला २५ हजारांत देऊ केलंय ते तसलं काही नाही.

आता मुख्य मुद्दा, ज्याने माझं डोकं फिरलं. "ग्रेडिंग आहे, म्हणजे जोखीम शून्य."

हे ग्रेडिंग म्हणजे काय ते आधी बघू. गेम कंपनीकडे पाठवायचा. तिथे खोक्याचे कोपरे, चुण्या, उडालेला रंग तपासून दहापैकी गुण देतात. वरच्या प्लास्टिकच्या वेष्टनाला वेगळा शेरा, ए प्लस प्लस हा सगळ्यात वरचा. मग ते खोकं पारदर्शक ॲक्रिलिकच्या डबीत कायमचं बंद. त्या विक्रमी मारिओला मिळाले होते ९.८ आणि ए प्लस प्लस. म्हणजे खोकं जवळजवळ कोरं, प्लास्टिक उत्तम. बस्स. आतलं कार्ट्रिज, म्हणजे गेमची कॅसेट, चालतं की नाही, हे तो शेरा सांगत नाही. डबी फोडून खेळून बघाल तर शेऱ्याची किंमत गेली. आणि हा गेम किती डॉलरचा, हे तर तो अजिबातच सांगत नाही.

दादा म्हणाला, "हॉलमार्कसारखंच ना ते." नाही ना दादा! हॉलमार्क सांगतो सोनं किती शुद्ध. भाव ठरतो बाजारात, रोज, हजारो लोकांच्या देवघेवीतून. वहिनीच्या पाटल्या घेऊन तू आज संध्याकाळी कुठल्याही सराफाकडे गेलास तर तो घट कापेल, घासाघीस करेल, पण आजच्या भावाने पैसे हातावर ठेवेल. ९.४ चा मारिओ घेऊन तू कुठल्या पेढीवर जाणार आहेस? बोहारणीलासुद्धा ती डबी देऊन त्या बदल्यात पातेलं मिळणार नाही.

आणि या शिक्क्याची गोष्ट तर आणखी पुढची आहे. वाटा कंपनी २०१८ पासून गेमांना दर्जा देते आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये तिनेच दर्जा दिलेला, त्या स्टिकरवाल्या मारिओंपैकी एक १ लाख १५० डॉलरला विकला गेला. एका गेमला लाख डॉलर, म्हणून जगभर बातमी झाली. घेणारे तिघे जण होते आणि त्यातले एक जिम हॅल्परिन, हेरिटेज ऑक्शन्सचे सहसंस्थापक. हे तेव्हाच जाहीर झालं होतं, त्यात गुपित काही नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये कार्ल जॉब्स्ट नावाच्या ऑस्ट्रेलियन यूट्यूबरने या सगळ्याची कुंडली मांडणारा व्हिडिओ काढला. दादा, तू इतके व्हिडिओ बघतोस, हा एक बघ. हेच हॅल्परिन वाटाच्या सल्लागारांतही होते, हे त्यात दाखवलंय. दर्जा देणारे, लिलाव करणारे आणि पहिली मोठी खरेदी करून बातमी घडवणारे, ही माणसं एकमेकांच्या किती जवळची आहेत, हाच त्याचा मुख्य आक्षेप. गेम जितका महाग तितकी ग्रेडिंगची फी जास्त, हेही त्यात येतं. मग भाव चढलेले कोणाला आवडतील?

दोन्ही कंपन्यांनी हे आरोप साफ फेटाळले. मे २०२२ मध्ये काही ग्राहकांनी वाटावर कॅलिफोर्नियात सामूहिक दावा लावला. बाजार फुगवल्याचा आरोप त्यात होता, आणि गेम परत द्यायला सांगितल्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लावल्याचाही. दाव्यातला आरोप म्हणजे गुन्हा शाबित नव्हे. पण ज्या शिक्क्यावर त्याचेच ग्राहक कोर्टात गेले, त्याला "जोखीम शून्य" म्हणायला फॉरवर्ड लिहिणाऱ्याचंच काळीज लागतं.

"१ लाख ४० हजारांचे २० लाख." हेही घडलंय, नाइलाज आहे. रॅली नावाच्या अमेरिकन कंपनीने एप्रिल २०२० मध्ये सीलबंद मारिओ घेतला आणि त्याचे हिस्से लोकांना विकले. मधे ३ लाख डॉलरची मागणी आली, ती हिस्सेदारांनी नाकारली. ऑगस्ट २०२१ मध्ये २० लाखांची आली, ती स्वीकारली. त्या हिस्सेदारांची चंगळ झाली, हे मान्य. पण हा उघड लिलाव नव्हता. एका निनावी माणसाने खाजगीत दिलेला भाव होता. एकाने एकदा दिलेला भाव म्हणजे बाजारभाव, असं दादाने कर्जाच्या तारणाचं मूल्यांकन करताना कधी मानलं असतं का?

आणि तो काळ आठवा. लोक घरात कोंडलेले, अमेरिकेत सरकारी मदतीचे चेक खात्यात, तिशी-चाळिशीतली माणसं लहानपण विकत घ्यायला निघालेली. नुसते गेमच नव्हेत, बेसबॉल आणि पोकेमॉनची कार्डंही पेटली होती. कार्डांना दर्जा देणाऱ्या पीएसएकडे इतका ढीग साचला की मार्च २०२१ मध्ये त्यांनी नवीन माल घेणंच बऱ्याच अंशी थांबवलं. त्यांच्याच मालक कंपनीने २०२१ मध्येच वाटाही विकत घेतली. पुढे लोक घराबाहेर पडले, व्याजदर चढले आणि भाव उतरले. फॉरवर्डमधले सगळे आकडे २०२१ च्या जुलै-ऑगस्टवर येऊन थांबतात, हे दादाच्या लक्षातच आलं नाही. त्यानंतरचा एकही आकडा का नाही रे?

हा खेळ पहिल्यांदाही होत नाहीये. १९८६-८७ मध्ये अमेरिकेत नाण्यांना असंच डबीबंद ग्रेडिंग सुरू झालं. 'आता नाणं म्हणजे शेअरसारखं, न बघता घ्या' असं वातावरण झालं, वॉल स्ट्रीटवरचा पैसा आला, १९८९ मध्ये भाव आकाशाला भिडले आणि १९९० मध्ये कोसळले. कॉमिक्सचं तेच. १९९१ मध्ये 'एक्स-मेन'च्या नव्या मालिकेचा पहिला अंक ८० लाखांवर छापला आणि लोकांनी पोरांच्या शिक्षणाला होईल म्हणून जपून ठेवला. पोरं शिकून नोकरीला लागली, अंक अजून किरकोळीत मिळतो.

"२५ हजारांत हिस्सा." यावर फार लिहीत नाही. रॅली हिस्से विकायची त्याची कागदपत्रं अमेरिकेच्या एसईसीकडे, म्हणजे तिथल्या सेबीकडे, दाखल व्हायची. हा फॉरवर्ड फिरवून हिस्से विकणाऱ्या दादाच्या ग्रुपकडे एक क्यूआर कोड आहे. सेबीचा नोंदणी क्रमांक मागितला तर ॲडमिनने हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

राहिल्या कॅसेट. यात आत्याही ओढली गेली म्हणून हे लिहावं लागतंय. तिने माळ्यावरून बुटाचं एक खोकं काढलं. त्यात पिवळ्या पडलेल्या चार कॅसेट, एकीवर '९९९९ इन १' आणि खाली बॉलपेनने दादाच्या धाकट्या भावाचं नाव. दुसरीचं कव्हर तुटून आतली हिरवी पट्टी दिसत होती. आम्ही ती तोंडाने फू-फू करून टीव्ही गेममध्ये खुपसायचो, कोंट्रा हा गेम लागेपर्यंत. ९९९९ मधले खरे गेम वीस-पंचवीस, बाकी तेच पुन्हा पुन्हा. आपल्याकडे घरोघर आलेली ही यंत्रं बहुतेक करून फॅमिकॉम या जपानी गेम-यंत्राच्या नकला, आणि कॅसेटही बिनपरवान्याच्या. डॅलसला जो मारिओ विकला गेला त्याच्याशी यांचं नातं एवढंच की दोन्हीकडे मिशीवाला प्लंबर उड्या मारतो.

बरं, नुसतं हसून सोडलं असतं. पण फॉरवर्डखाली एक नंबर आहे. त्यावर कॅसेटचा फोटो पाठवला की "तुमची कॅसेट पावणेचार लाखांची" असं उत्तर येतं आणि मागोमाग नोंदणीचे अडीच हजार मागतात. जुन्या नाण्यांचं आणि ७८६ च्या नोटांचं हेच चालायचं. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर करावं लागलं होतं की जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या व्यवहाराशी आमचा संबंध नाही आणि आम्ही कसलीही फी घेत नाही. तेव्हा दादाने स्वतः ते पत्रक शाखेच्या फळ्यावर लावलं होतं. ही आठवण मी त्याला करून दिली. बराच वेळ फोनवर नुसता पंख्याचा आवाज.

मग मी म्हटलं, ग्रुपवर एकच प्रश्न टाक: मी आज हिस्सा घेतला आणि सहा महिन्यांनी परत द्यायचा म्हटलं, तर तुम्ही तो किती रुपयांना घ्याल? त्याने टाकला. मंगळवारी दुपारी त्याला ग्रुपमधून काढलं.

तीन लाख वाचले. टोकन म्हणून पाच हजार आधीच देऊन बसला होता, हे त्याने काल रात्री सांगितलं, तेही वहिनी आत गेल्यावर. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, व्यवहाराचे स्क्रीनशॉट जोडलेत. बुटाचं खोकं मी घरी आणलंय. यंत्र दुरुस्त झालं तर कोंट्रा बघायचाय.