सही कुणाची, टाका कुणाचा

गेल्या आठवड्यात माझ्या टेबलावर १८९० च्या दशकातली एक बॉडिस पालथी पडली होती. बॉडिस म्हणजे घोळदार झग्यावरची घट्ट, आत पट्ट्या भरलेली चोळी. लंडनमधल्या एका संग्रहालयात जुने पोशाख प्रदर्शनासाठी पुतळ्यांवर चढवायचं माझं काम. लोकांना वाटतं, पुतळा आणला, कपडा घातला, झालं. प्रत्यक्षात कपडा असेल तसा पुतळा घडवावा लागतो. फोम तासायचा, त्यावर कापसाळ भराई बसवायची, शंभर वर्षांपूर्वी गेलेल्या बाईची कंबर अंदाजाने पुन्हा उभी करायची. त्या काळी रेशमाला वजन यावं म्हणून त्याला कथिलाचे क्षार पाजत. असं रेशीम आता नुसतं घडीवर बोट ठेवलं तरी चिरतं. त्यामुळे श्वास धरून काम.

आतल्या कमरपट्टीवर सोनेरी धाग्यात विणलेली सही होती: वर्थ, पॅरिस. चार्ल्स फ्रेडरिक वर्थ हा इंग्लंडातून पॅरिसला गेलेला माणूस. १८५८ मध्ये त्याने तिथे आपलं दुकान काढलं आणि चित्रकार चित्राच्या कोपऱ्यात सही करतो तशी कपड्याच्या पोटात आपल्या नावाची पट्टी शिवायला लागला. तोवर बाई सांगायची आणि शिंपीण शिवायची. वर्थच्या दुकानात वर्थ ठरवायचा आणि सम्राज्ञीसुद्धा ते निमूट घालायची. 'फॅशन डिझायनर' नावाचा प्राणी जन्माला आला तो इथे, असं आम्हा मंडळींत मानतात.

मी मात्र काखेत बघत होते. तिथे घामाचा पिवळा डाग आहे. तो काढायचा नाही, कारण तो आता पुरावा झाला. डागाच्या बाजूला शिवणीच्या कडा हाताने बांधलेल्या होत्या, म्हणजे धागे सुटू नयेत म्हणून कडेवरून तिरके टाके घातलेले. उजव्या बाजूचे टाके एका दिशेला कललेले आणि डाव्या बाजूचे बरोबर उलट्या. दोघींनी वाटून घेतलेलं काम, आणि त्यांतली एक बहुधा डावखुरी.

त्याच दुपारी घरच्या ग्रुपवर पुन्हा चपलेचा विषय निघाला.

विषय जुनाच. २०२५ च्या जूनमध्ये मिलानला प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या शोमध्ये पुरुष मॉडेल्सच्या पायांत जे काही होतं ते आपल्याकडच्या शेंबड्या पोरानेही कोल्हापुरी म्हणून ओळखलं असतं. कोल्हापूरचं नाव मात्र कुठे नव्हतं. गदारोळ झाल्यावर कंपनीने महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सला पत्र लिहून भारतीय हस्तकलेतून प्रेरणा घेतल्याचं मान्य केलं. मुंबई उच्च न्यायालयातली जनहित याचिका जुलैत फेटाळली गेली, कारण ज्यांच्या नावावर भौगोलिक मानांकन (म्हणजे एखाद्या भागाच्या खास मालाच्या नावाला कायद्याचं संरक्षण) आहे तेच दाद मागायला आले नव्हते. डिसेंबरमध्ये करार झाला: महाराष्ट्र आणि कर्नाटकात २,००० जोड बनवायचे, एका जोडाची किंमत सुमारे ८०० युरो.

पुण्यात डिझाइन शिकणारी माझी भाची लिहीत होती, "मावशी, तू तिथे म्युझियममध्ये आहेस ना, मग तू सांग. ही आपली कला आहे, आणि ती चोरली." त्यावर आमचा कोल्हापूरचा दादा: "कला कसली? पायतान हाय ते. घालायचं, झिजवायचं, दुसरं आणायचं. काचंत ठेवतंय व्हय कोण?"

काचेत ठेवण्याबद्दल पगार घेणारी मी, त्यामुळे गप्प बसले. पण दादाचं म्हणणं वाटतं तितकं अडाणी नाही. रेई कावाकुबो ही जपानी डिझायनर, जिचे कपडे पाहून पहिला प्रश्न हाच पडतो की यात हात कुठून घालायचे, तिच्यावर २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयाने अख्खं प्रदर्शन केलं. हयात डिझायनरवर असं एकट्याचं प्रदर्शन तिथे त्याआधी एकदाच झालं होतं, १९८३ मध्ये, इव्ह सँ लोराँचं. आणि ही बाई आयुष्यभर सांगत आली आहे की मी कलावंत नाही, मी कपडे करते आणि विकते. दादाशी तिचं छान जमलं असतं.

इकडे अंगावर घालायच्या कपड्याला कला मानायला लोक फारसे बिचकत नाहीत. एल्सा स्किआपारेल्ली या डिझायनरने १९३७ मध्ये चित्रकार साल्वादोर दालीकडून पांढऱ्या झग्यावर लालभडक लॉबस्टर काढून घेतला. पुढच्या वर्षी दोघांनी मिळून एक झगा केला, त्यावर कातडं फाटल्यासारखे ओरखडे छापलेले. तो इथे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, म्हणजे व्ही अँड ए संग्रहालयात आहे, आणि दर वेळी बघताना माझ्या अंगावर काटा येतो. याला कला म्हणू नका म्हणणाऱ्याशी वाद घालायची माझी तयारी आहे.

पण मी पडद्यामागून बघते, म्हणून हेही सांगते. व्ही अँड एमध्ये २०१५ च्या अलेक्झांडर मॅक्वीन या इंग्रज डिझायनरच्या प्रदर्शनाला सुमारे ४ लाख ९३ हजार लोक आले, २०१९ च्या दिओर या फ्रेंच फॅशन कंपनीच्या प्रदर्शनाला जवळपास ५ लाख ९५ हजार. एवढी तिकिटं खपल्यावर कपडा ही कला आहे की नाही याची चर्चा कोणतं संग्रहालय फार ताणेल? २००० साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने अरमानी या इटालियन डिझायनरचं प्रदर्शन केलं तेव्हा टीका कपड्यांवर कमी आणि त्याच सुमारास अरमानीकडून संग्रहालयाला मिळालेल्या देणगीवर जास्त झाली होती. कलेचं प्रमाणपत्र देणारे हातही कुणाच्या तरी मिठाला जागतात.

भाचीला मी कायद्याची एक गोष्ट कळवली, ती तिला फार आवडली आणि दादाला अजिबात नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कला आणि माल यांच्या मधली रेघ चक्क आकड्यात आखलेली आहे. डिझाइन म्हणून नोंदवता येण्यासारखी, पण न नोंदवलेली आकृती वस्तूंवर उमटवून औद्योगिक पद्धतीने ५० पेक्षा जास्त नग काढले, की त्या आकृतीवरचा कॉपीराइट संपतो. पन्नासाव्या कुर्त्यापर्यंत तुम्ही चित्रकाराच्या रांगेत, एक्कावन्नावा शिवला की बाहेर. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात रितिका विरुद्ध बिबा हा दोन कपडे-कंपन्यांमधला खटला याच मुद्द्यावर फिरला, आणि कापडावरच्या नक्षीवर हक्क सांगणारी बाजू हरली. इंग्लंडमध्ये २०२० साली उलटं घडलं. बायकांच्या टॉपसाठी यंत्रावर विणलेल्या, लाटांसारखी नक्षी असलेल्या एका साध्या कापडाला न्यायालयाने 'कलात्मक कारागिरी' ठरवलं. दुकानात गठ्ठ्याने विकला जाणारा टॉप! मी त्या कापडाचं चित्र शोधून पाहिलं. दिसायला काही विशेष नाही, आमच्या शाळेच्या शिवणकामाच्या बाईंनी सातपैकी चार दिले असते.

आता एवढ्यावरून 'तिकडे किती पुढारलेले आणि आपल्याकडे कदर नाही' हा लेख लिहिता येईल. परदेशातून लिहिणाऱ्याला त्याचा मोह फार, आणि मीही पूर्वी असे दोन-तीन लिहिले आहेत. पण ते खरं नाही. कामसूत्रातल्या चौसष्ट कलांच्या यादीत चित्र काढणं आणि सुईकाम एकाच पंगतीला बसलेली आहेत. जवळचं उदाहरण हवं असेल तर प्रभाकर बरवे. ज्यांची चित्रं आज आधुनिक मराठी चित्रकलेचा मानबिंदू म्हणून दाखवली जातात, ते साठच्या दशकात बनारसच्या आणि पुढे मुंबईच्या विणकर सेवा केंद्रात नोकरीला होते. सरकारी नोकरी, काम विणकरांसाठी नक्षी काढणं. चित्रकार मनू पारेखही त्याच मुंबईच्या केंद्रातले. म्हणजे चित्रकार आणि विणकर यांना एका छपराखाली बसवायची कल्पना आपल्याकडे सरकारी खात्याला सुचली होती, तीही १९५० च्या दशकात. आता बरव्यांवर बोलताना त्या केंद्राचा उल्लेख पोटापाण्याची नोकरी एवढाच येतो. तिथल्या मागावर त्यांची नक्षी कुणी विणली, हे विचारल्याचं मी कधी ऐकलं नाही. आणि विचारलं जात नाही त्याचं कारण आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे. चित्र काढतो तो कलावंत. विणतो तो कोष्टी, शिवतो तो शिंपी, चामडं कमावतो तो... आपल्याकडे धंद्याचं नाव तेच जातीचं नाव होतं, मग माणसाचं वेगळं नाव लागतंच कुणाला?

या दोन टोकांची गाठ पडलेली मी पाहिली आहे. २०२२ च्या जानेवारीत पॅरिसच्या रोदँ संग्रहालयाच्या आवारात दिओरचा शो झाला. चारही भिंतींवर माधवी आणि मनू पारेख यांची चित्रं, भरतकामात उतरवलेली, भल्या मोठ्या पडद्यांवर. भरतकाम मुंबईच्या चाणक्य या भरतकाम करणाऱ्या कंपनीच्या कारखान्यातलं. शोनंतर काही दिवस ते लोकांसाठी खुलं होतं, तेव्हा मी शनिवारची रेल्वे पकडून गेले. कपडे मला आता आठवतही नाहीत. पडद्यांसमोर मात्र नाक लावून उभी राहिले. लांबून रंगाचा फटकारा दिसतो, जवळ गेलं की कळतं की तो फटकारा म्हणजे शेकडो टाके आहेत. ब्रश जिथे कोरडा पडत गेला असेल तिथे टाकेही विरळ करत नेलेले. कुठे थांबायचं हे सुई धरणाऱ्याने ठरवलेलं. हे नक्कल करणाऱ्याचं काम नव्हे, हे चित्र वाचणाऱ्याचं काम आहे. चित्रकारांची नावं होती, डिझायनरचं होतं, कारखान्याचंही होतं, आणि हे शेवटचं खरंच कौतुकाचं, कारण पूर्वी तेवढंही नसायचं. भरतकाम करणाऱ्यांचा उल्लेख अशा ठिकाणी येतो तो माणसं किती आणि तास किती असा.

तासांचा हिशेब वाचला की मला इथल्या संग्रहात पाहिलेल्या जाडजूड खंडांची आठवण होते. १८६६ मध्ये लंडनच्या इंडिया ऑफिसमधल्या जॉन फोर्ब्ज वॉटसनने हिंदुस्थानातल्या कापडांचे ७०० नमुने कापून १८ खंडांत चिकटवले, इंग्रज गिरणीवाल्यांना बघून तसंच कापड काढता यावं म्हणून. प्रत्येक तुकड्याखाली तपशील: कुठला, लांबी-रुंदी किती, वजन किती, किंमत काय. विणलं कुणी, हा रकानाच नाही. प्राडावर चिडलेल्या माझ्या भाचीला ती पानं दाखवायला हवीत. राग योग्य जागी मुरेल.

म्हणून 'कला की फॅशन' हा वाद मला आता दुय्यम वाटायला लागला आहे. कपडा भिंतीवर लावला काय आणि अंगावर घातला काय, मी तो हाताळते तेव्हा त्याच्यात काही फरक पडत नाही. फरक पडतो तो त्याच्या शेजारच्या चिठ्ठीत. वर्थ कलावंत ठरला तो आधी सही करून. कोल्हापुरीच्या चिठ्ठीवर आपण काय लिहिणार? २०१९ मध्ये मानांकन मिळालं ते महाराष्ट्र-कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांना, आणि नोंद दोन सरकारी महामंडळांच्या नावे. आपल्याकडच्या महामंडळाला नाव आहे संत रोहिदासांचं. चामड्याचं काम करणाऱ्या एका माणसाचं नाव आपण पाटीवर लावलं, पण ते संत झालेल्याचं. बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेल्या त्या चामड्याशी आज ज्याचे हात काळे होतात त्याचं नाव ना प्राडाने विचारलं ना आम्ही. दीडशे मेसेज झाले होते ग्रुपवर. मी वर जाऊन पाहिलं. एकातही नाही.

मग मीच विचारलं. माझ्याकडे कापशीचा, म्हणजे कोल्हापुरी चपलांच्या एका प्रकाराचा, एक जोड आहे, दादानेच दिलेला. इथल्या पावसात घालायची सोय नाही, म्हणून वर्षातून चार-पाच दिवस पायात येतो आणि एरवी घरात शोभेला, म्हणजे काचेशिवाय काचेतच. त्याची चामड्याची वेणी इतकी बारीक आणि एकसारखी आहे की मी कामावरचं भिंग लावून मोजायचा प्रयत्न केला होता. दादाला म्हटलं, ही वेणी कुणी घातली ते विचारून सांग.

दादा वैतागला, पण गेला. दुकानदार म्हणाला, आमचाच माल. दादा म्हणाला, ते कळलं, केला कुणी? दुकानदार म्हणाला, तक्रार आहे काय? दादाने तिथूनच मला फोन लावून दिला आणि मी त्या गृहस्थांना समजावलं की तक्रार नाही, नाव हवं आहे. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, वेण्या बायका घालतात, घरोघरी, आम्ही गोळा करतो, तुमची कुणाची ते आता कसं सांगू ताई. मग जरा थांबून, "बारीक आहे म्हणता? मग दोघीच असतील. फोटो पाठवा."

फोटो पाठवला आहे, वरून आणि उलटा करूनही.

इकडे बॉडिस पुतळ्यावर चढली. नोंदीच्या संगणकात 'निर्माता' हा रकाना रिकामा ठेवता येत नाही, तिथे वर्थ आधीच भरलेलं होतं. खाली 'इतर शेरे' म्हणून एक मोठी चौकट असते, ती सहसा कुणी उघडत नाही. तिथे मी लिहिलं: शिवणाऱ्या किमान दोघी. डावी बाजू बहुधा डावखुरीची.