पाणी कुठवर आलं?

"काढलेल्याला परत घेतलं म्हणे!"

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, नाशकात कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर, दुसऱ्या फेरीला मला गाठून काका म्हणाले. मला वाटलं, आमच्या सोसायटीचा वॉचमन. पाण्याचा पंप चालू ठेवून झोपला म्हणून कमिटीने त्याला आदल्याच आठवड्यात काढलं होतं. मी म्हणालो, "बरं झालं काका. गरीब माणूस आहे, दोन लहान पोरं आहेत."

काका जागीच थांबले. "सॅम ऑल्टमन गरीब?"

ही नोव्हेंबर २०२३ ची गोष्ट. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीच्या संचालक मंडळाने एका शुक्रवारी आपल्या सीईओला, म्हणजे ऑल्टमन साहेबांना, घरी पाठवलं, सातशेहून जास्त कर्मचाऱ्यांनी 'हा नसेल तर आम्हीही जातो' अशा पत्रावर सह्या केल्या, आणि पाच दिवसांत साहेब पुन्हा खुर्चीत. काकांची एकतीस वर्षं सातपूर एमआयडीसीत गेली, त्यातली नऊ युनियनमध्ये. त्यामुळे जगातली कुठलीही बातमी ते कारखान्याच्या गेटवर उभे राहून बघतात.

"एकजूट! गेटसभा घेतल्याशिवाय मॅनेजमेंट वाकत नाही. लिहून ठेव."

"काका, तिथे गेटसभा वगैरे नव्हती. त्या लोकांचे कंपनीच्या शेअरमध्ये पैसे अडकले होते."

"म्हणजे बोनसचाच प्रश्न ना?" काका म्हणाले आणि समाधानाने पुढच्या फेरीला निघून गेले. तेवढ्यात मागे वळून ओरडले, "तुझं मत काय ते संध्याकाळी सांग!"

माझी व्यथा ती हीच. माझं मत.

मी अंबडच्या एका कारखान्यात स्टोअर्सचं कॉम्प्युटरवरचं काम बघतो. किती नट आले, किती बोल्ट गेले. पण २०१९ साली मी चेअरमनच्या घरचा राउटर एकदा बंद करून पुन्हा चालू केला आणि तो चालला. तेव्हापासून सोसायटीत, ट्रॅकवर आणि सासुरवाडीत मी 'त्यातला माणूस' आहे. कॅलिफोर्नियात कुणी शिंकलं की नाशकात लोक माझ्याकडे बघतात.

पूर मोजायला नाशिककरांना फुटपट्टी लागत नाही. रामकुंडाजवळ दुतोंड्या मारुती उभा आहे. त्याच्या पायाला पाणी, गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, एवढं सांगितलं की भांडीबाजारातल्या दुकानदाराला माल माळ्यावर चढवायचा की नाही ते कळतं. टेक्नॉलॉजीच्या बातम्यांना मी हाच मारुती लावतो. बातमी ऑफिसात पोचली, पाय. फॅमिली ग्रुपवर आली, गुडघे. ट्रॅकवर काकांनी विचारलं, कंबर. आईने पोळ्या लाटता लाटता विचारलं, गळा. आणि भाजीवाल्या मावशींनी मेथीची जुडी हातात धरून "दादा, ते एआय आता..." असं सुरू केलं की समजायचं, डोक्यावरून गेलं. मारुतीला दोन तोंडं आहेत, हेही या कामाला सोयीचंच. माणशी दोन मतं असतात. एक टाइप करायचं, एक पाळायचं.

आता नाना. नाना नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून निवृत्त झाले आणि मुलाकडे कॉलेज रोडला राहायला आले. त्या प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापतात, आणि नानांच्या बोलण्यावरून बऱ्याचशा त्यांनीच छापल्या असाव्यात. २०१६ साली यूपीआय आलं तेव्हापासून त्यांचा त्याच्यावर राग आहे. न आवडलेल्या जावयावर असतो तसा. तोंडावर काही बोलत नाहीत, पण कुठे चूक सापडली की चेहरा उजळतो.

एका रविवारी आम्ही आठ जण मिसळ खायला गेलो. दोनदा रस्सा मागून झाला, पापड झाले, ताक झालं. गल्ल्यापाशी मी स्कॅन केलं आणि मोबाइलवर ते गोल चाक फिरायला लागलं. फिरतंय, फिरतंय. काकांचा फोन काढला, तिथेही चाक. मालक म्हणाला, "सकाळपासून असंच चाललंय, साहेब." नाना हळूच पुढे आले. बंडीच्या आतल्या खिशातून पाचशेची नोट काढली. लगेच दिली नाही. आधी उजेडाकडे धरली, पांढऱ्या जागेत उमटलेले गांधीजी आम्हा सगळ्यांना दाखवले. मग नोट तिरपी करून मधली हिरवी पट्टी निळी होते ती दाखवली. मग बोटाच्या पेराने कडेच्या उठावाच्या रेघा चाचपल्या आणि मगच ती गल्ल्यावर ठेवली.

"हिला रेंज लागत नाही."

बिल आठशे ऐंशी झालं होतं. नानांनी दुसरी नोट काढली. तिचीही तपासणी झाली. मागे रांग पार पार्किंगपर्यंत गेली होती.

१९ जुलै २०२४ ला तर नानांची दिवाळीच होती. क्राउडस्ट्राइक नावाच्या कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळी स्क्रीन दाखवून बंद पडले, विमानं खोळंबली आणि आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. त्यातल्या एकाचा फोटो नानांनी फोनवर मोठा करून आम्हाला दाखवला. त्यांना ना विमानांचं पडलं होतं, ना कॉम्प्युटरचं. "अक्षर बघ," म्हणाले, "किती सुवाच्य आहे."

पुढे मार्च २०२५ मध्ये जो तो आपला फोटो चॅटजीपीटीला देऊन जिबली या जपानी कार्टून स्टुडिओच्या पद्धतीचं चित्र करून घेत होता, तेव्हा नातवाने नानांचंही केलं. टपोरे डोळे, गुलाबी गाल, मागे हिरवी टेकडी. नानांनी कपाटातून भिंग काढून ते चित्र पाच मिनिटं न्याहाळलं. "चांगलं आहे," म्हणाले, "पण नंबर कुठंय?" ज्या छापील गोष्टीवर नंबर नाही ती नाना खरी धरत नाहीत. नातवाने मुकाट्याने कोपऱ्यात सात आकडी नंबर टाकून दिला. तोच त्यांचा डीपी आहे.

कुलकर्णी काकूंचं निराळं. काकूंना कशाचंच नवल वाटत नाही. मे २०२४ मध्ये गूगलच्या एआयने कुणाला तरी सल्ला दिला होता, की पिझ्झ्यावरचं चीज घसरत असेल तर सॉसमध्ये थोडा गोंद घाला. शोध घेतला तेव्हा अकरा वर्षांपूर्वी रेडिट नावाच्या चर्चेच्या साइटवर कुणीतरी केलेली चेष्टा सापडली. ती मशीनने मनावर घेतली होती. मी हे मोठ्या रंगात येऊन सांगत होतो. काकू पुदिना निवडत होत्या. मानही वर न करता म्हणाल्या, "आमच्या मंडळात मी एकदा गमतीत बोलले होते, अळूवडी सुटत असेल तर दोऱ्याने शिवा. परवा एकीने शिवून आणल्या. वर मलाच सांगते, ही पारंपरिक पद्धत आहे म्हणून."

माझ्याकडे यावर एक तयार मत होतं. ते तसंच खिशात राहिलं.

पण सगळ्यात अडचणीचा श्रोता म्हणजे दिंडोरीचा माझा चुलतभाऊ, अप्पा. त्याची द्राक्षबाग आहे. २०२५ च्या नरकचतुर्दशीला, २० ऑक्टोबरला, आम्ही त्याच्याकडे फराळाला होतो. छाटण्या उरकलेल्या, कोवळी फूट आलेली आणि आभाळ काही केल्या मोकळं व्हायला तयार नाही. द्राक्षवाल्याला यावेळी ढग म्हणजे डावणी रोग, आणि डावणी म्हणजे पुन्हा औषध. दुपारी पुतण्या मोबाइल हातात घेऊन ओसरीवर धावत आला. "काका, क्लाउड बंद पडलाय!"

अप्पाने वर आभाळाकडे बघितलं. "पडू दे ना बाबा. महिनाभर त्याचीच वाट बघतोय."

मग मी समजावलं. ॲमेझॉनचे मोठमोठे कॉम्प्युटर अमेरिकेत व्हर्जिनियात असतात. जगातल्या कितीतरी कंपन्यांची दुकानं त्या कॉम्प्युटरवर चालतात, आणि आज तिथे घोळ झालाय. नावावरून पत्ता शोधून देणारी यंत्रणाच पत्ता देईना. पोस्टमन आहे, पत्रं आहेत, घरंही जागेवर आहेत, फक्त पत्त्यांची वही हरवली. अप्पाला हे लगेच पटलं. त्याच्या सातबाऱ्याचं काम याच कारणाने बरीच वर्षं अडकलेलं आहे.

दुसऱ्या दिवशी मी त्याला फोन करून पुढची बातमी दिली. अमेरिकेत काही लोकांच्या गाद्या इंटरनेटवर चालतात. गार-गरम होतात, उशाकडून वर उचलल्या जातात. त्या घोळात कुणाची गादी तापूनच राहिली, कुणाची उचललेली तशीच अडकली.

बराच वेळ फोनवर काहीच नाही. मग, "खाटेला रेंज लागते?"

"हो."

"आणि पैसे? एकदाच?"

"नाही, गादीचे वेगळे आणि वर वर्गणी."

"म्हणजे झोपेचा हप्ता." अप्पा हसला नाही. शेतकरी हप्त्याला हसत नाही. इन्फोसिसच्या नारायण मूर्तींनी २०२३ मध्ये तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावं असं म्हटलं, तेव्हा अख्खा देश आठ दिवस भांडत होता. मीही भांडलो, दोन्ही बाजूंनी. अप्पाला मत विचारलं तर त्याने शांतपणे विचारलं होतं, "मग उरलेले दिवस ते लोक काय करतात?"

याच ऑक्टोबरात आमच्या मामांनी देशकार्य काढलं. झोहो या भारतीय कंपनीचं अरट्टाई नावाचं, व्हॉट्सॲपसारखं ॲप एकाएकी सगळ्यांच्या तोंडी झालं होतं. तीन दिवसांत रोजच्या नोंदण्या तीन हजारांवरून साडेतीन लाखांवर गेल्या, असं कंपनीच्या श्रीधर वेंबूंनी सांगितलं. मामांनी फॅमिली ग्रुपवर फर्मान काढलं, 'रविवारपासून आपण व्हॉट्सॲप सोडत आहोत.' व्हॉट्सॲपवर. आमच्या मावशींना अरट्टाई हा शब्द शेवटपर्यंत जमला नाही. त्या 'अट्टाहास' म्हणायच्या, आणि एकंदर प्रकार बघता तेच नाव बरोबर होतं. तमिळमध्ये अरट्टाई म्हणजे गप्पा. ४३ पैकी १९ जण तिकडे गेले. तिकडे गेल्यावर कुणाला काय बोलावं सुचेना, म्हणून 'तिकडे कोण कोण आलं' याची चर्चा इकडे सुरू झाली. थोरल्या जावयांनी मुद्दा काढला, की तिकडे मेसेजना अजून एंड-टू-एंड एन्क्रिप्शन, म्हणजे मधल्या कुणाला ते वाचता येऊ नयेत अशी सोय, नाही, खासगीपणाचं काय? मुद्दा तेव्हा रास्त होता. मात्र याच जावयांनी मागच्या महिन्यात आधार कार्डाच्या दोन्ही बाजू ग्रुपवर टाकून 'कुणी प्रिंट काढून ठेवा' असं लिहिलं होतं. आता मामांचं 'शुभ सकाळ' मला रोज दोनदा येतं. एक स्वदेशी, एक आयात.

या सगळ्याला कंटाळून मी एका सकाळी ठरवलं. आज मत द्यायचं नाही. ट्रॅकवर काका आले. कुठल्याशा कंपनीने कुठल्याशा कंपनीत किती तरी अब्ज डॉलर घातले होते. "तुझं काय म्हणणं?"

"मला माहीत नाही, काका."

काका चालायचे थांबले. नाना थांबले. मागून येणारे एक अनोळखी गृहस्थही थांबले.

"म्हणजे?"

"म्हणजे मी वाचलेलं नाही. त्यामुळे माहीत नाही."

"वाचायचा काय संबंध?" काका खरंच गोंधळले होते. "आम्ही कुठे वाचलंय?" नानांनी माझ्या कपाळाला हात लावून बघितला. काका म्हणाले, "घरी काही झालंय का? वहिनी बरी आहे ना?" नऊच्या आत माझ्या घरी दोन फोन गेले होते. बायको सांगते, काका अगदी हळू आवाजात विचारत होते, "त्याला ऑफिसातून काढलं का?"

बायको मला चांगली ओळखते. तिने चहाचा कप समोर ठेवला आणि माझाच फोन माझ्यापुढे धरला. रात्री बारा वाजून सदतीस मिनिटांनी मी त्याच बातमीखाली सतरा ओळींची प्रतिक्रिया लिहिलेली होती. तीत 'मूलभूत प्रश्न असा आहे की' हे दोनदा आलं होतं. "वाचलं नव्हतंस ना?" ती म्हणाली. बातमी खरोखरच वाचलेली नव्हती. मथळा वाचला होता. तोही अर्धा, कारण पुढे तीन टिंबं होती.

पावसाळ्यातली एक संध्याकाळ राहिलीच सांगायची. गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला होता आणि आम्ही तिघं, काका, नाना आणि मी, पाणी बघायला पंचवटीकडे जाणाऱ्या होळकर पुलावर गेलो. ही गर्दी! सगळे कठड्याला टेकलेले, आणि सगळ्यांच्या माना खाली फोनमध्ये. काकांनी ग्रुपवरचा फोटो दाखवला. मारुतीच्या गळ्याला पाणी. "बाप रे," काका म्हणाले, "गळ्यापर्यंत गेलं!" बाजूच्या एका मुलाकडेही तोच फोटो होता. त्याच्या बाजूच्या बाईंकडेही. मी सवयीने फोन काढला आणि फोटो जुन्या पुराचा आहे का ते शोधायला लागलो. दोन मिनिटं मीही शोधत होतो.

शेवटी नानांनी छत्रीच्या दांड्याने माझा हात खाली केला आणि समोर बोट दाखवलं. समोर मारुती होता. पाणी गुडघ्याच्या जरा खाली, लालसर, फेसाळ, एक तुटलेली फांदी पायाशी अडकून गोल फिरत होती.

मी लगेच त्याचा फोटो काढला आणि फॅमिली ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'मी स्वतः पुलावर उभा आहे. पाणी फक्त गुडघ्यापर्यंत आहे. जुने फोटो पुढे पाठवू नका.'

अर्ध्या मिनिटात पिंपरीहून मामांचं उत्तर आलं.

'हा एआयने केलेला वाटतो. नीट खात्री करून टाकत जा.'