पुस्तकांचे पुठ्ठे कोण कापतंय?

आमच्या इंदूरच्या घराचा वरचा मजला गेली पंधरा वर्षं शिकणाऱ्या मुलांना भाड्यानं दिलेला आहे. कोचिंग क्लासेसचा भंवरकुआँ चौक पायी दहा मिनिटांवर, त्यामुळे खोली रिकामी अशी राहतच नाही. पीएससीवाले, नीटवाले, सीएवाले, सगळे राहून गेले. मी शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले, पण अजून संध्याकाळी दहावी-बारावीची चार मुलं खाली घेऊन बसते. आज लिहितेय ते आमच्या जिन्याच्या वर काय घडलं त्याबद्दल.

गेल्या पावसाळ्यात वरचा पंखा बिघडला म्हणून इलेक्ट्रिशियनबरोबर खोलीत गेले. टेबलावर पुस्तकांची चळत, वर धूळ. आणि जवळजवळ प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याची कड कात्रीनं कापलेली. बोटाच्या पेराएवढ्या पट्ट्या, एकीखाली एक, अगदी मापात. मला वाटलं, वाचताना खुणेला घालायला कापत असेल. इलेक्ट्रिशियन शिडीवरूनच हसला. "आंटी, फिल्टर बनाते हैं." कागदाच्या सुरळीत गांजा भरायचा आणि ओठाकडच्या टोकाला ही पट्टी गुंडाळून बसवायची. राज्यघटनेचं पुस्तक सगळ्यात जास्त कापलेलं होतं. त्याचा पुठ्ठा जाड.

मुलगा बुऱ्हाणपूरचा, मराठी घरातला. वडिलांची केळीची बाग. मला काकू म्हणतो, गॅसचा सिलेंडर उचलून आत आणून देतो. पीएससीच्या, म्हणजे राज्यसेवेच्या परीक्षेच्या, पहिल्या प्रयत्नात प्रीलिम्स थोडक्यात हुकली होती, दुसऱ्यांदा बरीच जास्त मार्कांनी. मी ते 'नशीब' समजत होते.

आता माझी लाज सांगते. सात-आठ वर्षांपूर्वी असाच एक मुलगा होता. वास आला, मी जाब विचारला, तिथल्या तिथं त्याच्या वडिलांना फोन लावला आणि दोन दिवसांत खोली खाली करून घेतली. शेजारच्या बायका म्हणाल्या, बरं केलंत, घरात तरणीताठी माणसं आहेत. मलाही बरंच वाटलं होतं. पुढे कळलं की तो इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला बसलाच नाही. वडिलांनी घरी नेऊन दुकानावर बसवला. त्याचं शिक्षण गांजानं मागं खेचलं असेल, पण थांबवलं ते वडिलांनी आणि मी मिळून. हे मला कळायला फार वर्षं लागली.

म्हणून या वेळी फोन केला नाही. त्याला खाली बोलावलं आणि प्रीलिम्सच्या दुसऱ्या पेपरातलं शेकडेवारीचं एक साधं गणित घातलं. पहिल्या दोन पायऱ्या बरोबर. तिसऱ्या ओळीला पेन थांबलं. "काकू, मूळ किंमत किती होती?" ती त्यानंच वर पहिल्या ओळीत लिहिली होती. त्या वेळी तो नशेत नव्हता. आदल्या रात्री ओढलेलं होतं.

हीच खरी गोष्ट आहे. लोकांना वाटतं गांजा म्हणजे लाल डोळे, चोऱ्यामाऱ्या, वाया गेलेली पोरं. मला दिसलं ते फार शांत होतं. मुलगा नम्र, वेळेवर भाडं देणारा, फक्त वाचलेलं टिकत नाही. मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा भाग नवीन गोष्ट साठवण्याचं काम करतो, आणि गांजातलं नशा आणणारं द्रव्य, टीएचसी, नेमकं तिथे जाऊन बसतं. तो मला म्हणाला होता, "रात्री ओढून वाचलं की मस्त डोक्यात शिरतं." शिरत असेलही. सकाळी सापडत नाही.

नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट शहराचं उदाहरण मला गणिताची म्हणून फार आवडतं. तिथे कॉफी शॉपमध्ये गांजा उघड मिळतो. 2011 मध्ये शहरात ठरलं की डच, जर्मन आणि बेल्जियन सोडून बाकी परदेशी लोकांना तो विकायचा नाही. विद्यापीठ तेच, वर्ग तोच, परीक्षा तीच; काही मुलांना ही दुकानं बंद झाली, काहींना चालू राहिली. दोन अर्थतज्ज्ञांनी निकाल ताडून पाहिले. ज्यांना मिळेनासा झाला त्यांची पास होण्याची शक्यता साधारण 5 टक्क्यांनी वाढली, आकडेमोडीच्या विषयांत फरक जास्त पडला, आणि फायदा जास्त झाला तो मुळात जेमतेम असणाऱ्यांचा. हुशार मुलगा ओढूनही निघून जातो, हे आपणही पाहिलेलं असतं. त्याच्याकडे बघून जो ओढतो तो अडकतो.

न्यूझीलंडच्या ड्यूनेडिनमधल्या पाहणीचा आकडाही लोक फेकतात. कोवळ्या वयापासून वर्षानुवर्षं गांजाच्या आहारी राहिलेल्यांचा बुद्ध्यांक 8 गुणांनी घसरला, हा तो 2012 चा निष्कर्ष. पण नंतर जुळ्या भावंडांवर अभ्यास झाले, त्यात न ओढणाऱ्या भावंडाचीही तशीच घसरण दिसली. म्हणजे घर, परिस्थिती यांचाही हात असणार. तेव्हा पोरांना 'मेंदू सडतो' म्हणून घाबरवू नका. ती मोबाइलवर शोधतात, तुमचं अर्धं खोटं पकडतात आणि मग खरं अर्धंही ऐकत नाहीत.

आणि आपण इंदूरकर घाबरवणार कोणत्या तोंडानं? महाशिवरात्रीला आमच्याच घरी सासरे भांग घोटायचे, आणि मी चाळणी धरून उभी असायची. पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर उज्जैनला महाकालाचा भांगेचा शृंगार होतो. रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे आमच्या मिरवणुकीत, कोण काय पिऊन नाचतं ते सगळ्यांना ठाऊक. 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात शेंडा-फुलं म्हणजे गांजा आणि राळ म्हणजे चरस, यांवर बंदी. पान आणि बी सुटलेलं, म्हणून भांगेला ठेका मिळतो. झाड तेच. एम्सच्या 2019 च्या देशव्यापी सर्वेक्षणात वर्षभरात या झाडाचं काहीही घेतलेले लोक 3 कोटींच्या वर निघाले, आणि त्यांतले निम्म्याहून जास्त भांगवाले. मुलगा मला म्हणाला, "काकू, इंग्रजांच्या वेळी तर खंडव्याला सरकारी देखरेखीखाली पिकायचा." खरंच पिकायचा. इंग्रज सरकारनं याच झाडावर नेमलेल्या 1893-94 च्या आयोगानं बेतानं घेतला तर फारसं नुकसान नाही असंही लिहून ठेवलंय. मी म्हटलं, त्या आयोगाला पीएससी द्यायची नव्हती.

त्याला खरा घाम फुटला तो दुसऱ्याच गोष्टीनं. गांजा 1 किलोपर्यंत असला तर 'अल्प मात्रा', तरी 1 वर्षापर्यंत कैद किंवा 10 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दंड वडील भरतील हो, पण उद्या सरकारी नोकरीच्या पोलीस पडताळणीत तो गुन्हा पुढे येणार. ज्या नोकरीसाठी इथे खोली घेऊन राहिला, तिलाच कुलूप. याच कायद्यात 64-अ कलमही आहे: व्यसनी माणूस आपणहून सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेला आणि उपचार पूर्ण घेतले, तर सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा खटला त्याच्यावर चालत नाही. हे कलम आपल्या ओळखीतल्या एकाही आईबापाला माहीत नव्हतं. मी विचारून पाहिलं.

तो डॉक्टरांकडे गेला. मी बरोबर गेले, बाहेर बाकावर बसले. पहिले दहा-बारा दिवस वाईट गेले. झोप नाही, पोह्यांची बशी तशीच परत, माझ्यावर दोनदा आवाज चढवला. अंगात दुखणं नाही, म्हणून घरच्यांना हे नाटक वाटतं. नाटक नसतं ते, रोज ओढणाऱ्या बऱ्याच जणांना सोडल्यावर होतं. वडिलांना त्यानं स्वतः सांगितलं, महिन्याभरानं, माझ्या समोर बसून.

ज्यांच्या घरी हे चाललंय त्यांच्यासाठी: व्यसनमुक्तीची हेल्पलाइन 14446, मनाच्या त्रासासाठी टेलिमानस 14416. आणि भंवरकुआँ, विष्णुपुरीकडे खोल्या देणाऱ्या माझ्या मैत्रिणींनो, दोन दिवसांत सामान बाहेर काढायच्या आधी मला एक फोन करा.

रंगपंचमीला तो घसरला. दुसऱ्या दिवशी खाली येऊन आपणच सांगितलं. मी काही बोलले नाही, रोजची दहा गणितं पुढे सरकवली. सात बरोबर आली. दोन चुकली आकडेमोडीत, आणि एक प्रश्न मीच चुकीचा उतरवला होता.