"बरं झालं आपण सहीच केली नाही" म्हणणाऱ्यांसाठी

आज सकाळी आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका काकांनी बातमी टाकली की पोलंडही भूसुरुंगबंदीच्या करारातून बाहेर पडला. खाली त्यांचं वाक्य: "बरं झालं आपण कधी सहीच केली नाही." लगेच अंगठे, टाळ्या, तिरंगे. ज्याला मी लहानपणी गणित शिकवलं त्या एका मुलानं लिहिलं, सीमेवर इंच इंच सुरुंग पेरून टाका, विषय संपवा. मी शाळेत गेले, तास घेतले, घरी येऊन स्वयंपाक केला, तरी ते वाक्य डोक्यातून जाईना. त्या ग्रुपवर मी वाद घालत नाही, तो पाण्याच्या टाकीसाठी आणि पार्किंगसाठी आहे. इथे लिहिते, कारण इथे तुम्ही आहात. माणसाच्या पायाखाली बॉम्ब पुरून निघून जाणं वाईट, हे तुम्हाला पटवून द्यावं लागणार नाही.

विषय संपवा म्हणे. माझ्या मामाचा तर पंचवीस वर्षं होत आली तरी संपला नाही.

मामा फौजेत सॅपर होता, म्हणजे सुरुंग लावायचं आणि काढायचं काम करणारा. डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाला आणि ऑपरेशन पराक्रम सुरू झालं. फौज सीमेवर जाऊन उभी राहिली आणि जम्मूपासून राजस्थानपर्यंत प्रचंड पट्ट्यात सुरुंग लावले गेले. त्यातली कितीतरी जमीन लोकांची होती, पीक उभं असलेली. मामा पंजाबात होता. एका सरदारजीच्या वावरात गहू घोट्याएवढा वर आला होता, त्यात मामाच्या तुकडीनं सुरुंग लावले. मग युद्ध झालंच नाही, आणि लावलेलं सगळं काढायची पाळी आली. पोटावर झोपायचं, सळी तिरपी धरून माती टोचत जायची, हाताला काही लागलं की थांबायचं. वीतभर पुढे, परत तेच. सरदारजी संध्याकाळी तारेपाशी चहाची किटली घेऊन यायचा आणि विचारायचा, वावर कधी देता?

शेवटी मोजणी झाली तर नकाशावर होते त्याहून एक सुरुंग कमी. पुन्हा शोधलं, पुन्हा मोजलं, तरी एक कमीच. मामाचा जोडीदार साताऱ्याकडचा होता, लग्न ठरलेला पोरगा. तो सुरुंग त्याच्या पायाखाली निघाला. मामानं त्याची मांडी कंबरपट्ट्यानं आवळून धरली, गाडी येईपर्यंत.

आपणच लावलेला, आपल्याच नकाशावर नोंदलेला, आपल्याच जमिनीतला सुरुंग, आणि समोर शत्रू नाही. "इंच इंच पेरा" लिहिणाऱ्याला हे कोण सांगणार?

करार काय सांगतो ते टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कुणी वाचलं असेल असं मला वाटत नाही. डिसेंबर १९९७ मध्ये कॅनडातल्या ओटावात १२२ देशांनी सह्या केल्या, १ मार्च १९९९ पासून तो लागू झाला. माणसाच्या पावलानं फुटणारे सुरुंग वापरायचे नाहीत, बनवायचे नाहीत, साठवायचे नाहीत, कुणाला द्यायचे नाहीत. साठा चार वर्षांत नष्ट करायचा, पेरलेली जमीन दहा वर्षांत साफ करायची, ते जमलं नाही तर कारण देऊन मुदत मागायची, आणि दरवर्षी संयुक्त राष्ट्रांकडे लेखी हिशेब द्यायचा. रणगाड्यांविरुद्धचे सुरुंग यात येतच नाहीत. म्हणजे सीमा उघडी टाका असं कुणी म्हणालेलं नाही. चालणाऱ्या माणसाला, मग तो शिपाई असो, गुराखी असो की सहा वर्षांचं पोर, पाय ठेवला म्हणून फाडू नका, एवढंच म्हटलंय.

आणि हे कागदावर राहिलं नाही. सगळा देश सुरुंगांनी भरलेला असताना मोझांबिकनं २०१५ मध्ये जमीन साफ झाल्याचं जाहीर केलं. फिनलंडनं दहा लाखांहून जास्त सुरुंग नष्ट केले, पोलंडनंही दहा लाखांहून जास्त. हे वाचून मला खरंच बरं वाटायचं. शाळेत दहावीच्या पोरांना सांगितलंय मी, की बघा, देश शहाणे होऊ शकतात.

आता तेच फिनलंड, तेच पोलंड, सोबत लिथुआनिया, लाटव्हिया, एस्टोनिया. २०२५ मध्ये पाचही जणांनी बाहेर पडायची नोटीस दिली. त्यांच्या शेजारी रशिया आहे, रशियानं कधीच सही केली नाही, युक्रेनचं काय झालं ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. नागपुरात पंख्याखाली बसून त्यांच्या भीतीला नावं ठेवणं सोपं आहे, मान्य. पण या कराराचा एक नियम असा आहे की नोटीस दिल्यावर सहा महिन्यांनी बाहेर पडता येतं, मात्र तेव्हा देश युद्धात असेल तर युद्ध संपेपर्यंत पडता येत नाही. हा नियम लिहिणाऱ्यांना पुरतं ठाऊक होतं की भीती वाटेल त्याच दिवशी सगळ्यांना हे सुरुंग परत हवेसे वाटतील. त्या दिवसासाठीच तर शब्द घेतला होता. या पाच देशांनी तो दिवस यायच्या आधी शब्द मागे घेतला. मला याचा राग येतो. फार येतो. दहा लाख सुरुंग फोडताना काढलेले फोटो, केलेली भाषणं, त्यांचं आता काय करायचं?

आणि आपण? आपण तर शब्दच दिला नाही. चीननं नाही दिला, पाकिस्ताननं नाही दिला, अमेरिकेनं नाही दिला, म्हणून आपण नाही. सरकारचं म्हणणं वर्षानुवर्षं एकच: सुरुंगमुक्त जग आम्हालाही हवं, पण तेवढंच परिणामकारक दुसरं काही हाती येईपर्यंत थांबा. पाव शतक उलटून गेलं. ऑगस्ट २०२२ मध्ये संरक्षणमंत्र्यांनी सैन्याला समारंभात नवीन सामान दिलं, त्यात 'निपुण' नावाचा नव्या पिढीचा सुरुंग होता. पायदळाविरुद्धचाच. पुण्याच्या संशोधन संस्थेनं आणि आपल्या उद्योगांनी मिळून केलेला. म्हणजे पर्याय शोधायला बसलो होतो आणि नवीन सुरुंग घेऊन उठलो.

हो, आपण १९९६ पासून हे सुरुंग बाहेर विकत नाही. हो, दुसऱ्या एका करारात आपण आहोत, त्यानुसार सुरुंगाच्या पट्ट्याला कुंपण घालावं लागतं, खुणा लावाव्या लागतात, डिटेक्टरला सापडेल असा सुरुंग ठेवावा लागतो. हे चांगलंच आहे, ते मी नाकारत नाही.

पण कुंपण कुणासाठी? पावसाला कुंपण कळतं का? आपला जुना एम-१४ बुटाच्या पॉलिशच्या डबीएवढा, वजन शंभर ग्रॅमच्या आसपास, अंग प्लास्टिकचं. नियंत्रण रेषेवरच्या उतारावर एक चांगला पाऊस झाला की लावला तिथे राहत नाही. जानेवारी २०२५ मध्ये जम्मूकडच्या नौशेरात गस्तीवरचे आपले सहा जवान सुरुंगाच्या स्फोटात जखमी झाले. त्या दिवशी कॉलनीच्या ग्रुपवर संक्रांतीच्या तिळगुळाचे फोटो होते. मीही टाकला होता.

सरदारजीकडे परत येते, कारण मामा परत परत तिथेच येतो. जोडीदाराला नेलं, जमीन आणखी एकदा तपासली, मोजणी जुळली, वावर सोपवायचा दिवस आला. सरदारजी तारेपाशी उभा राहिला, आत पाऊल टाकेना. मामाला म्हणाला, आधी तू चाल. मामा चालला. या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत, मग आडवा, मग उभा. सरदारजी बघत होता. कागदावर अंगठा दिला, वावर घेतलं, आणि त्या हंगामात पेरलंच नाही. मामाच्या शब्दांत: "वावर घेतलं त्यानं, पन तास नाई घातला. म्या सोता चालून दाखवलं होतं माय, तरी नाई."

मामा आता हिंगणघाटकडे कापूस-तूर करतो. डवरणीच्या पहिल्या दिवशी तो बैलांपुढे स्वतः चालतो. आमच्या मामीला वाटायचं पूजेचं काही असेल. वर्धा जिल्ह्यातल्या काळ्या मातीत कुणी कधी सुरुंग लावला नाही हे त्यालाही ठाऊक आहे.

आता जे लिहिते ते लिहायला जड जातंय. मामा माझ्या बाजूनं नाही. मागल्या दिवाळीत मी त्याला म्हटलं, आपण सही करायला पाहिजे. तो म्हणाला, "सुरुंग लागते पोरी. रातच्यानं समोरचा पट्टा मोकळा सोडून कोन झोपन थ्या चौकीत?" त्यानं चौकीत रात्री काढल्यात, मी नाही काढल्या. त्याला उत्तर देताना माझा आवाज चढत नाही. पण मी त्याला विचारलं, मग सरदारजीनं पेरलं का नाही? तो उठून बैलांना कडबा टाकायला गेला. कॅमेरे आहेत, सेन्सर आहेत, माणूस पाहून बटण दाबायचे स्फोटक आहेत, आणि बटण दाबणारं बोट माणसाचं असेल तर हा करार त्यांना बंदी घालत नाही. ते महाग पडतं, माणसं जास्त लागतात. लागू द्या. तो खर्च आपण करायचा की सरदारजीनं?

आणि गडचिरोली विसरलात का सगळे? नागपुरात राहून? १ मे २०१९, महाराष्ट्र दिन, जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगानं गाडी उडवली, शीघ्र कृती दलाचे पंधरा पोलीस आणि गाडीचा ड्रायव्हर गेले. आपण सगळे रडलो. भ्याड हल्ला म्हणालो, आणि तो भ्याडच होता. आपल्या दवाखान्यांत हेलिकॉप्टरनं आणलेली पोरं मी पाहिलीत, विशीतली, चादरीखाली एक बाजू सपाट. पलीकडे छत्तीसगडातल्या विजापूर, दंतेवाड्यात मोहाची फुलं आणि तेंदूपत्ता वेचायला गेलेल्या बाया नक्षल्यांनी पुरलेल्या दाबाच्या बॉम्बवर पाय पडून मेल्या, लंगड्या झाल्या. ते पावलानं फुटतात, म्हणजे या कराराच्या व्याख्येत ते सुरुंगच. फौज नकाशा ठेवते, तार लावते, नक्षलवादी लावत नाहीत. दोघांना एका तागडीत मी तोलत नाही आणि कुणी तोललं तर मला चालणार नाही. पण ज्या शहरानं हे जवळून पाहिलं तिथल्या माणसाला तरी हे हत्यार ओळखता यायला हवं. ते कुणी लावलं हे पाहून त्याचा पाय तोडायचा स्वभाव बदलत नाही. आम्ही ज्याला भ्याड म्हणालो तेच इंच इंच पेरा म्हणता तुम्ही, आणि खाली तिरंगा टाकता.

थोडं थांबून पाणी पिऊन आले. वर चिडून लिहिलंय, पण खोडत नाही.

शेजारचं उदाहरण देते. श्रीलंकेत पंचवीसेक वर्षांचं यादवी युद्ध झालं, उत्तरेकडची जमीन सुरुंगांनी भरली. ती साफ करायला इतरांसोबत आपल्याकडचे निवृत्त फौजीही गेले, तिथल्या बायाही रोजीवर गुडघे टेकून माती खरवडत बसल्या, त्यातल्या कितीतरी नवरा गमावलेल्या. श्रीलंकेनं सही केली डिसेंबर २०१७ मध्ये. पण त्याच्या बारा वर्षं आधी, २००५ मध्ये, करारात नसतानाच, त्यांनी स्वतःहून अहवाल दिला होता. पोलंडही करार मंजूर करण्याआधी असा अहवाल द्यायचा. म्हणजे सही करायच्या आधीही हिशेब देता येतो. कुणी अडवत नाही, सीमा उघडी पडत नाही.

मला आज तेवढंच हवंय. उद्या सही होणार नाही हे मला कळतं, मी दूधखुळी नाही. पण पराक्रमच्या वेळी लावलेल्या सुरुंगांनी किती गावकरी आणि किती जवान जखमी झाले, किती जणांना भरपाई आणि कृत्रिम पाय मिळाले, नियंत्रण रेषेलगत लोकांच्या मालकीची किती जमीन आजही तारेच्या आत आहे आणि तिचं भाडं मिळतं का, एवढं तर देशाला सांगा. यात कुठलंही गुपित नाही. सुरुंग कुठे आहेत हे मी विचारत नाही, माणसं कुठे आहेत हे विचारते.

याच प्रश्नांचा माहिती अधिकाराचा अर्ज लिहायला घेतलाय. संरक्षण मंत्रालयाकडे जाईल, बहुधा सुरक्षेचं कलम दाखवून परत येईल, मग अपील करीन. इथे कुणी वकील असाल, किंवा संसदेत तारांकित प्रश्न कसा विचारला जातो हे माहीत असेल, खासदारांच्या कार्यालयात कुणी ओळखीचं असेल, तर कमेंटमध्ये सांगा किंवा फोन करा. पराक्रमच्या वेळी घरातलं कुणी सॅपर असेल तर त्यांच्याशीही मला बोलायचं आहे. नाव छापणार नाही. रविवारी दिवसभर मी घरीच आहे.