टीव्ही बंद केलात दादा, आता एवढं ऐकून घ्या

आज सकाळी बोलता आलं नाही. माहेरी जावळाचा कार्यक्रम, अंगणात बट्ट्या तळायला घेतलेल्या, घर पाहुण्यांनी भरलेलं आणि समोर वयानं मोठं माणूस. म्हणून आता रात्री सगळं आवरल्यावर लिहितेय. लांबेल, पण वाचा.

माझा भाचा अकरावीत आहे. आतल्या खोलीत दोन मावसभावांना घेऊन एमएमएची (मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालतं अशी) लढत बघत होता. अमेरिकेतल्या शनिवार रात्रीच्या लढती आपल्याकडे रविवारी सकाळी दिसतात, त्यामुळे या पोराचा रविवार तिथंच असतो. नात्यातले एक मोठे दादा आत आले, रिमोट उचलला, टीव्ही बंद केला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "हे कसायाचं काम आहे. तुझ्या आजोबानं कुस्ती केली, आणि तू हे बघतोस?" पोराचं तोंड एवढंसं झालं. जेवताना मान वर केली नाही त्यानं.

दादा, तुम्ही कुस्तीचं नाव काढलंत ना, मग त्याच्या आजोबाची कुस्ती सांगते. मी पाहिलीय ती.

मी दहा वर्षांची असेन. यात्रेचा फड नदीकाठी, आमच्या घरामागंच. बायकांनी फडात जायचं नाही, म्हणून आम्ही सगळ्या धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर. हलगी कडाडत होती. आप्पांची, म्हणजे या आजोबांची, कुस्ती शेवटून दुसरी, बाहेरगावच्या एका पहिलवानाशी. बराच वेळ खडाखडी झाली, मग आप्पा खाली गेले, पालथे. त्या गड्यानं त्यांचा उजवा हात पाठीमागं घेतला आणि पिळायला सुरुवात केली. हेतू एवढाच, की दुखलं की माणूस वळेल आणि चीत होईल. आप्पा वळले नाहीत. छाती मातीत रुतवून पडून राहिले. खाली सगळा गाव ओरडतोय, "आप्पा, पाठ नका देऊ!" आईनं माझी वेणी मुठीत धरली होती, ती इतकी ओढली की मला रडू आलं. मग आप्पांचं तोंड मातीत गेलं आणि त्या पहिलवानानंच घाबरून हात सोडला.

कुस्ती बरोबरीत सुटली. गावानं आप्पांना खांद्यावर घेतलं. हात लोंबतोय आणि वर गुलाल.

हाडवैद्यानं बांधला, पण कोपर सरळ झाला नाही तो आजतागायत. सदऱ्याची उजवी बाही आई चढवून देते. गावात आजही म्हणतात, आप्पांनी हात दिला, पाठ नाही दिली. मीही हे वाक्य शाळेत छाती फुगवून सांगायची. आता ते ऐकलं की मस्तक फिरतं. का द्यायचा हात? पाचशे एक रुपयांच्या इनामासाठी आणि धाब्यावर बसलेल्या पाहुण्यांसाठी?

आमच्या फडात 'सोड' म्हणायची सोयच नव्हती. म्हणजे म्हणता आलं असतं, पण म्हणणारा पुढं गावात कसा हिंडला असता?

आणि तुम्ही ज्याला कसाईखाना म्हणता, तिथं ती सोय आहे. हात अडकला, गळा आवळला गेला, की समोरच्याच्या अंगावर नाहीतर जमिनीवर दोन-तीन थापा मारायच्या. संपलं. पंच झेप घेऊन दोघांना वेगळं करतो. पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या, विजेतेपदाची लढत असेल तर पाच. त्यातल्या कुठल्याही क्षणी माणूस स्वतःच्या हातानं लढत थांबवू शकतो. बॉक्सिंगचं आपल्याला कौतुक. तिथं माणूस पडतो, पंच दहापर्यंत मोजतो, तो डगमगत उठतो आणि पुन्हा डोक्यावर मार खातो. त्याला आपण खेळ म्हणतो. मग इथं पडल्यावर पंच अंगावर पडून वाचवतो ते रानटी कसं?

रक्त निघतं, कबूल. डोक्याला मार बसतो आणि तो चांगला नाहीच, हेही कबूल. पुढं.

पोरांना यात काय सापडतं ते विचारलंत का कधी? आपल्या लहानपणी पारावर वाद चालायचे, पहिलवान भारी की बॉक्सर? 1976 साली टोकियोत मोहम्मद अली आणि जपानचा कुस्तीगीर इनोकी यांना समोरासमोर उभं केलं. इनोकी पंधरा फेऱ्या बहुतेक वेळ पाठीवर पडून अलीच्या पायांवर लाथा मारत राहिला आणि लढत बरोबरीत सुटली. उत्तर मिळालंच नाही. मग 1993 मध्ये अमेरिकेत डेन्व्हरला पहिली यूएफसी झाली, तीच आज एमएमएची सगळ्यात मोठी स्पर्धा. बॉक्सर, सुमो, कराटेवाले, सगळे एका पिंजऱ्यात, वजनगट नाही. जिंकला रॉयस ग्रेसी नावाचा ब्राझीलचा सडपातळ माणूस. एका रात्रीत तिघांना हरवलं, तेही जमिनीवर नेऊन, डाव टाकून. तेव्हा नियम जवळजवळ नव्हतेच, ते नंतर आले. पण कोण भारी ते तिथं बोलून ठरत नाही, करून ठरतं. पोरांना तेच आवडतं. मलाही आवडतं, लपवू कशाला.

आणि तुम्हाला वाटतं, यात कुस्ती संपली? तिथं कुस्तीच राज्य करते आहे! रशियातल्या दागेस्तानचा एमएमए लढवय्या खबीब बघा. लहानपणापासून कुस्तीत वाढलेला, 29 लढती आणि एकही हार नाही. शेवटची लढत ऑक्टोबर 2020 मध्ये जस्टिन गेथजीशी. त्याच वर्षी जुलैमध्ये खबीबचे वडील गेले होते, तेच त्याचे वस्तादही. गेथजीनं आधी म्हटलं होतं, मी थाप मारणार नाही. खबीबला त्याचा हात लॉक करता आला असता, पण गेथजीच्या आईवडिलांसमोर हात मोडायला नको म्हणून त्यानं गळ्याचा डाव घेतला, असं नंतर कळलं. गेथजीनं थाप मारली. पंचाच्या लक्षात यायला क्षणभर उशीर झाला आणि गेथजी बेशुद्ध पडला, हेही लिहिते, नाहीतर तुम्ही म्हणाल लपवलं. पण हात शाबूत राहिला. आणि जिंकलेला माणूस मॅटवर गुडघ्यांवर बसून वडिलांसाठी रडला.

ही लढत भाच्यानं आप्पांना मोबाईलवर दाखवली होती. लॉकडाऊनचे दिवस, आप्पा बाजेवर पडलेले. पहिल्यांदा तोंड वाकडं केलं. मग खबीब पायात घुसला तसे उठून बसले. "हाऊ ते पट काढी राह्यना!" पोराला दाखवायला लागले, खांदा कुठं असावा, डोकं कुठं. आणि शेवटी त्या थापा आल्या. आप्पांनी परत दाखवायला सांगितलं. परत बघितलं. मग विचारलं, "तो हारना ना? मंग लोके त्याले नावं नही ठेवतस?"

पोरगा म्हणाला, नाही आप्पा, उलट कौतुक करतात.

आप्पा काही बोलले नाहीत. डाव्या हातानं उजवा कोपर चोळत बसले. मी चहा घेऊन आले होते, तशीच दारात उभी राहिले.

दादा, मला राग तुमचा नाही. सकाळी होता, आता उतरला. तुम्हीही त्या फडाच्या कडेला उभे होतात, मला आठवतंय, आणि तुम्हीही ओरडत होतात. तेव्हा सगळेच ओरडायचे.

पोरींचंही एक सांगून टाकते. मी धाब्यावरून बघितलं. 2024 च्या जूनमध्ये उत्तर प्रदेशातल्या खेड्यातली पूजा तोमर यूएफसीत लढत जिंकणारी पहिली भारतीय महिला झाली. माझी मुलगी नववीत आहे, तिनं तो व्हिडिओ मला चार वेळा दाखवला. आपल्याकडेही मुली आता कुस्ती खेळतात, मान्य. पण आमच्या गावच्या यात्रेत अजून त्या धाब्यावरच असतात.

चाळीसगाव तालुक्यातले विजय चौधरी 2014, 15 आणि 16, लागोपाठ तीनदा महाराष्ट्र केसरी झाले, तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले होते. मीही ठेवलं होतं. तो अभिमान आजही तसाच आहे. त्यासाठी पोराच्या हातातला रिमोट काढून घ्यायची गरज नव्हती, इतकंच.

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर आप्पांनी भाच्याला हाक मारली. सकाळचा प्रकार त्यांच्या कानावर गेला होता. मला वाटलं, समजावतील. ते म्हणाले, "मंग जितनं कोन?"

पोरगा म्हणाला, बघू कुठं दिलं आप्पा.

आता दोघं ओट्यावर बसलेत. मोबाईल आप्पांच्या डाव्या हातात आहे, आणि पोरगा त्यांना सांगतोय की आवाज कुठून वाढवायचा.