मास गेनरबद्दल फिरणारा मेसेज चुकीचा आहे
"जिम नवीन लावलीय तर मास गेनर घ्यावाच लागतो, नाहीतर बॉडी बनत नाही" असा मेसेज फिरतोय, हे खरं नाही. मास गेनर म्हणजे वजन वाढवायला घेतात ती डब्यातली पावडर. डबा फिरवून मागचं लेबल वाचा, बऱ्याच गेनरमध्ये सगळ्यात जास्त असतं ते माल्टोडेक्सट्रिन, म्हणजे मक्याबिक्याच्या स्टार्चपासून केलेलं स्वस्त कार्बोहायड्रेट, ग्रॅमला 4 कॅलरी, वजन वाढतं ते या जादा कॅलरीने आणि व्यायाम धड नसेल तर त्याची चरबीच होते. आणि एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेचा, 14 आकडी नंबर दाखवून "सरकारमान्य" सांगतात ना, तो फक्त लायसन्स नंबर आहे, रिझल्टची गॅरंटी नाही! एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम प्रोटीन, 100 ग्रॅम कोरड्या सोया चंक्समध्ये 50 च्या आसपास, पोरांनो पॉकेटमनी आधी तिथे घाला.