निर्दोष सुटलेल्याची जुनी बातमी गूगलच्या शोधातून काढायलाच हवी

गोव्यात पोलिसांनी कोणाला उचललं की दुसऱ्या दिवशी बातमीत नाव, वय, गाव आणि बऱ्याचदा वाडासुद्धा (गावातली वस्ती) येतो. आपल्या गावांत आडनाव आणि वाडा सांगितला की घर कळतं. मग केस वर्षानुवर्षं चालते, माणूस निर्दोष सुटतो, आणि त्याच्या दोन ओळीही कुठे येत नाहीत. पूर्वी निदान पेपर रद्दीत जायचा. आता बातमी पोर्टलवर तशीच पडून असते आणि नाव टाइप केलं की फोटोसकट सगळ्यात वर येते.

मी म्हापशात एका वकिलांच्या ऑफिसात काम करते. असे लोक आमच्याकडे नेहमी येतात. त्यातल्या बारदेशातल्या एका मुलाचं सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. अमली पदार्थांच्या केसमध्ये तो मित्रांबरोबर पकडला गेला. खटल्यात पंचनामा टिकला नाही, याच्याकडे काही सापडल्याचं सिद्ध झालं नाही, कोर्टाने सोडून दिलं. त्याला बोटीवर नोकरीला जायचं होतं. सीडीसी (जहाजावर कामाला लागणारं खलाशाचं पुस्तक) झालं, मेडिकल झालं, पोलीस क्लिअरन्सही मिळालं. इंटरव्ह्यूला एजन्सीतल्या माणसाने आपला मोबाइल त्याच्यासमोर सरकवला. स्क्रीनवर हाच, पोलीस स्टेशनबाहेर, टी-शर्ट वर ओढून तोंड झाकताना. त्याने निकालाची प्रत पुढे केली. ती न उघडताच 'कळवतो' म्हणून त्याला वाटेला लावलं. आम्ही पोर्टलला निकाल जोडून पत्र लिहिलं, तर उत्तर आलं की अटक झाली होती ना, मग बातमी खोटी कशी?

खोटी नाहीच. पण खरी बातमीसुद्धा कायम नावाला चिकटून राहावी का, हा प्रश्न जगात कधीच विचारून झालाय. स्पेनमधल्या एका गृहस्थांच्या घराच्या लिलावाची नोटीस १९९८मध्ये पेपरात आली होती. देणं फिटलं, तरी त्यांचं नाव शोधलं की गूगलवर तीच नोटीस. १३ मे २०१४ला युरोपियन युनियनच्या न्यायालयाने निकाल दिला: पेपरातलं पान राहू दे, पण नावाने शोधल्यावर ती लिंक दिसता कामा नये. मला हा तोडगा फार शहाणपणाचा वाटतो. इतिहास पुसला जात नाही आणि माणूसही सुटतो. यालाच विसरलं जाण्याचा हक्क म्हणतात.

आपल्याकडे २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यात न्या. कौल यांनी स्वतंत्रपणे लिहिलंय की माणसं विसरतात, इंटरनेट विसरत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२१मध्ये अशाच एका निर्दोष सुटलेल्या माणसाचा निकाल गूगलच्या शोधातून काढायला सांगितला. पुढे मद्रास उच्च न्यायालयाच्या तशाच एका आदेशाला २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. म्हणजे सामान्य माणसाने नेमकं कशाच्या भरवशावर राहायचं? पर्वरीला हायकोर्टात रिट याचिका घालायची तर वकिलाची फी आली, आणि त्याची नोकरी तर आधीच गेलेली.

२०२३चा डेटा संरक्षण कायदा आहे, त्याचे नियमही नोव्हेंबर २०२५मध्ये आले, असं बरेच जण मला सांगतात. कायदा नीट वाचा. कलम १२मध्ये माहिती पुसून घ्यायचा हक्क आहे, पण ज्या माहितीला तुम्ही स्वतः संमती दिली होती तिच्यापुरताच. शॉपिंग ॲपला नंबर दिला असेल तर तो काढायला सांगता येईल. पोलीस स्टेशनबाहेर फोटो काढताना या मुलाची संमती कोणी घेतली होती? ज्याला हक्काची सगळ्यात जास्त गरज, तोच बाहेर राहिला.

पत्रकारांची भीतीही मी समजू शकते. या कायद्यात पत्रकारितेला वेगळी सूट नाही, शिवाय याच कायद्याने माहिती अधिकारातली वैयक्तिक माहितीची तरतूद बदलून सरकारला माहिती नाकारणं सोपं केलं. हे चूकच आहे. आमदार, मंत्री, अधिकारी, जमीन लाटणारे बिल्डर यांच्या बातम्या एक शब्दही न काढता राहिल्या पाहिजेत. सत्तेतल्या माणसाला विसरलं जाण्याचा हक्क नको. पण वाड्यावरचा चोवीस वर्षांचा मुलगा आणि मंत्री यांत फरक करायला संपादकाला कायदा कशाला लागतो?

गोव्यातल्या संपादकांनी ठरवलं तर हे आजच होईल. निकालाची प्रमाणित प्रत आली की त्याच बातमीत सगळ्यात वर निर्दोष सुटल्याचं लिहा, फोटो आणि वाडा काढा, आणि ते पान गूगलच्या शोधात येणार नाही अशी सोय करा. त्यासाठी पानाच्या कोडमध्ये एक ओळ पुरते, वेबसाइट सांभाळणाऱ्याला विचारून बघा.

तुमच्या घरात असं कोणी असेल तर आधी प्रमाणित प्रत काढून ठेवा. कोर्टात अर्ज कसा करायचा ते माहीत नसेल तर मला मेसेज करा. पोर्टलला पाठवायच्या पत्राचा नमुना मराठीत तयार आहे, तोही पाठवते. नाव कमेंटमध्ये मात्र लिहू नका.